माऊरो कोण?

रुपेर्तो फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या एका हातात बरगड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. पिशवी त्याने धाकट्या बहिणीच्या, निमियाच्या, हातात दिली. वर्तमानपत्र दिलं नाही. तेव्हाच तिला कळलं, की आजचं जेवण काही सुखासुखी पार पडत नाही.

"पापा कुठे आहेत?"

"आंब्याखाली. निखारे करतायत."

"आणि ते?"

"ते कोण?"

"आपले जावईबापू. मास्तर."

"ब्लास आणि झुनिल्दा यायचेत अजून. अरे, पेर्लाला गाडीतच विसरून आलास की काय?"

रुपेर्तोची बायको पेर्ला मागून येतच होती. उंच टाचा अंगणातल्या वाळूत रुतत होत्या आणि प्रत्येक पावलाला ती त्या वाळूला काहीतरी पुटपुटत होती. तिने निमियाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, "हात ओलेत गं तुझे," म्हणाली आणि व्हरांड्यातली सावलीची खुर्ची धरली.

निमिया पुन्हा मांदिओका सोलायला बसली. साल काढायची, कंद मधोमध चिरायचा, आतला दोरा ओढून टाकायचा. सत्तावीस वर्षं दर रविवारी हेच. तिच्या सेहेचाळीस वर्षांपैकी सत्तावीस. आई, म्हणजे न्या देओलिंदा, होती तोवर दोघी मिळून सोलायच्या. आता एकटी.

आठवडा झाला होता लाल पक्ष परत येऊन. एकसष्ट वर्षं सत्तेत, पाच वर्षं बाहेर, आणि गेल्या रविवारच्या निवडणुकीत पुन्हा आत. गावात, सान रामोनमध्ये, मंगळवारपर्यंत फटाके वाजत होते. पक्षाच्या कार्यालयासमोर कर्ण्यावर पक्षाची पोल्का सकाळी सहाला सुरू व्हायची, ती रेकॉर्ड अडकेपर्यंत थांबायची नाही. पाच वर्षं ज्यांचं दर्शन नव्हतं अशी माणसं गळ्यात इस्त्रीचा लाल रुमाल बांधून चौकात हिंडत होती आणि एकमेकांना विचारत होती, "काय, होतास कुठे इतके दिवस?"

पापा, म्हणजे गाव ज्यांना मानाने 'काराई' म्हणायचं ते काराई एलादियो, मात्र कुठे गेलेच नव्हते. गावच्या कार्यालयाची किल्ली बावीस वर्षं त्यांच्याच खिशात होती, पक्ष हरला तेव्हाही. फक्त माणसं येईनाशी झाली. द्यायला नोकरी नाही, औषध नाही, शाळेत जागा नाही, तर येणार कोण? पाच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये पक्ष हरला आणि जूनमध्ये न्या देओलिंदा गेली. जून-ऑगस्टच्या त्या हिवाळ्यात म्हातारा सकाळपासून व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून बसायचा. ज्यांना त्याने कामाला लावलं होतं, त्याच रस्त्याने ते मान खाली घालून जायचे. घरात दोघंच. तो रस्त्याकडे बघायचा, आणि निमिया आत टेबलाशी कापडावर भरतकामाचे नमुने उतरवायची. गावातल्या बायका कापड आणून द्यायच्या, ती पानं-फुलं काढून द्यायची, बायका घरी नेऊन भरायच्या. हात तिचा चांगला, असं सगळे म्हणत. फुलांपुरतं.

अशाच एका दुपारी तिने कापडाऐवजी कागद घेतला आणि निळ्या पक्षाच्या नव्या सरकारचं चित्र काढलं. एक हडकुळा घोडा, त्यावर खेटून बसलेले दहा मंत्री, दहा जणांची तोंडं दहा दिशांना, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळा लगाम. का काढलं, तिलाही सांगता आलं नसतं. खाली नाव घातलं पुरुषाचं, माऊरो. सान रामोनची एक बिनलग्नाची बाई मंत्र्यांची टिंगल करते, हे वर्तमानपत्रवाल्यांना पटलं नसतं आणि गावाला पचलं नसतं. पाकीट राजधानीला, असुन्सिओनला, जाणाऱ्या बसवाल्याकडे दिलं आणि ती विसरून गेली.

तीन आठवड्यांनी सकाळी म्हाताऱ्याने वर्तमानपत्र उघडलं आणि एवढा हसला, की तोंडातला माते, तो कडू चहा, नाकात गेला. "निमिया! इकडे ये, हे बघ! कोण आहे गं हा माऊरो? घोड्याचं तोंड बघ, घोड्याला सगळं कळलंय!" डोळे पुसत होता, खोकत होता आणि हसत होता. आई गेल्यापासून ते हसू तिने ऐकलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिने दुसरं चित्र काढलं. मग तिसरं. संपादकबाईंनी तिला एकदा असुन्सिओनला बोलावून पाहून घेतलं, तोंड बंद ठेवायचं वचन दिलं, आणि पाळलं.

पाच वर्षं. दर मंगळवारी आणि रविवारी. म्हातारा चित्रं कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. रविवारच्या जेवणाला ती सगळ्यांच्या हातांतून फिरायची. "हा माऊरो अस्सल लाल रक्ताचा," म्हातारा म्हणायचा. रुपेर्तो सांगायचा, असुन्सिओनमध्ये त्याला ओळखणारे भेटलेत. दारुडा आहे म्हणे, बायको सोडून गेलीय. निमिया मांदिओका वाढता वाढता ऐकायची. तो दारुडा नाही, एवढं तरी म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर यायचं.

आता लाल परत आले, तसं हसण्यासारखं जे काही होतं ते लालांकडे आलं. तिला ते दिसत होतं. न दिसल्यासारखं करून ती निळ्यांचीच चित्रं काढत राहिली असती, पण हात वळेना. गेल्या मंगळवारच्या चित्रात तिने काढला गळ्यात रुमाल बांधलेला ढेरपोट्या माणूस: पाच वर्षांनी घरी परतलाय, हातांवर सिंहाची डोकी कोरलेल्या खुर्चीत बसलाय आणि म्हणतोय, "खुर्चीला माझी आठवण आली असेल नाही?" खुर्ची म्हणत होती, "कंबर धरलीय."

म्हाताऱ्याने ते चित्र बराच वेळ पाहिलं होतं. हसला नाही. कापलंही नाही. वर्तमानपत्राची घडी घातली आणि कार्यालयाची किल्ली घेऊन निघून गेला.

.

ब्लास आणि झुनिल्दा बाराला आले. झुनिल्दाने चीज घालून भाजलेली मक्याची सोपा आणली होती, अजून गरम. ब्लासने नेहमीप्रमाणे कुणाला त्रास होणार नाही अशा जागी स्टूल ओढलं. तो निळ्यांच्या घरातला. निळ्यांचा मुलगा लालांच्या घरचा जावई होऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि एकोणीस वर्षं तो या अंगणात पाहुण्यासारखाच बसायचा. गावच्या शाळेचा तो दोन वर्षं प्रभारी मुख्याध्यापक होता. आता तो कायम होणार का घरी बसणार, हे ठरवणारं टेबल ऑगस्टमध्ये रुपेर्तोला मिळायचं होतं. नव्या गव्हर्नरचा तो उजवा हात, सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर झुनिल्दाने सोपाचा मधला, सगळ्यात मऊ तुकडा कापून आधी भावाच्या ताटात ठेवला.

"खा रे. तुझ्यासाठी चीज जास्त घातलंय."

"खातो. आधी एक वाचून दाखवतो." रुपेर्तोने वर्तमानपत्र उलगडलं. "पापा, आजचं पाहिलंत?"

"पाहिलं," काराई एलादियो म्हणाले. ते जाळीवरच्या बरगड्या उलटत होते. पाठ सगळ्यांकडे.

"आमच्या मास्तरांनी पाहिलं?"

"नाही अजून," ब्लास म्हणाला.

"मग बघा." त्याने पान उंच धरलं. चित्रात सरकारी कचेरी होती. टेबलांमागे कारकून बसलेले, आणि प्रत्येक कारकुनाच्या मांडीवर लाल रुमालवाला एकेक गृहस्थ आरामात टेकलेला. खालचे कारकून घामाघूम. रुपेर्तोने खालची ओळ एकेक शब्द तोडून वाचली. "'आम्ही कुणाला उठवणार नाही. मांडीवर बसू.'"

पेर्ला खुदकन हसली आणि नवऱ्याचं तोंड पाहून थांबली.

"हे कोण बोललं होतं?" रुपेर्तोने विचारलं.

ब्लासने मान पुढे करून ती ओळ पुन्हा वाचली.

"मी बोललो होतो. सोमवारी संध्याकाळी, याच अंगणात, याच टेबलाशी. झुनिल्दा म्हणाली, आता सगळ्यांना कामावरून काढणार का रे तुम्ही? आणि मी गंमतीने म्हटलं, उठवणार नाही, मांडीवर बसू. बाहेर कुठेही बोललो नाही. गव्हर्नरांपुढे नाही, बायकोपुढे बिछान्यात नाही. इथेच. आज सकाळी गव्हर्नरांचा फोन आला. म्हणाले, तुझी जीभ छान आहे रुपेर्तो, आता अख्ख्या देशाने चाखली. त्या सोमवारी इथे आम्ही पाच जण होतो." त्याने एकेक बोट दुमडलं. "पापा. मी. पेर्ला. झुनिल्दा." अंगठा उरला, तो त्याने ब्लासकडे वळवला. "आणि तू."

"मी चित्र काढतो असं म्हणायचंय तुला?" ब्लासने विचारलं. "फळ्यावर मी गाय काढली की पोरं विचारतात, सर, हे टेबल का?"

"तू काढत नसशील. तू पुरवतोस. त्या दारुड्याला इथली बातमी कोण पोचवतं? पाच वर्षं तुमच्या निळ्यांना झोडपलं म्हणून आम्ही त्याला आपला म्हणत होतो. ते सगळं नाटक असणार. शेवटी रक्त ते रक्तच."

"रुपेर्तो!" झुनिल्दा उठली. "माझ्या नवऱ्याला माझ्या बापाच्या अंगणात चोर म्हणतोस?"

"मी चोर म्हटलं? चहाडखोर म्हटलं."

"एकोणीस वर्षांत या माणसाने तुझ्या तोंडाला तोंड दिलं नाही. तुझी टिंगल ऐकून घेतली, तुझ्या सभेला खुर्च्या उचलल्या—"

"खुर्च्यांचं नाव काढू नकोस आज," रुपेर्तो म्हणाला.

"चला, निघू या झुनिल्दा," ब्लास शांतपणे म्हणाला. तो उभा राहिला होता, पण टोपी कुठे ठेवलीय ते त्याला आठवेना. तो स्टुलाखाली बघत होता, टेबलाखाली बघत होता. कान लाल झाले होते.

निमिया मांदिओकाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी होती. वाफ तोंडावर येत होती. तिला वाटलं, पापा काहीतरी बोलतील. पापा बरगड्या उलटत होते. एकदा उलटलेल्या पुन्हा उलटत होते.

"सहा," ती म्हणाली.

"काय?"

"सोमवारी इथे सहा जण होतो. मी होते ना."

रुपेर्तोने हात झटकला. "तू वाढत होतीस गं."

"वाढणारीला कान नसतात?" तिने पातेलं टेबलावर ठेवलं. हात कमरेच्या फडक्याला पुसले. "ब्लासला यातलं काही माहीत नाही. कुणी पुरवत नाही. माऊरो मीच आहे."

 मग रुपेर्तो हसायला लागला. अगदी मनापासून, लहानपणी हसायचा तसा.

झुनिल्दा जवळ आली आणि तिने निमियाचा दंड धरला. "नको गं. तू चांगली आहेस म्हणून. पण आमच्यासाठी असलं खोटं बोलू नकोस, त्याला ते खरंही वाटणार नाही."

"मी खोटं बोलत नाहीये."

"फुलं काढतेस तू, निमिया," पेर्ला समजुतीच्या सुरात म्हणाली. "फार सुरेख काढतेस. माझ्या टेबलक्लॉथवरची सगळ्यांना आवडतात."

पाच वर्षांत तिने हा क्षण कितीदा मनात पाहिला होता. कधी कुणी रागावायचं, कधी कुणी रडायचं, एकदा तर पापांनी तिला मिठी मारली होती. पण कुणी विश्वासच ठेवणार नाही, हे काही तिच्या मनात आलं नव्हतं.

मांस गुंडाळून आलेला तपकिरी कागद टेबलावर पडला होता. तिने तो उलटा केला, शेगडीच्या कडेचा विझलेला कोळसा उचलला आणि उभ्यानेच काढायला लागली. फार वेळ लागला नाही. एक रेघ, कपाळ. एक रेघ, पोट. बोटं मोजणारा हात, पाच बोटं वर, आणि हातातलं वर्तमानपत्र तलवारीसारखं. भुवई तिने शेवटी काढली. रुपेर्तोची उजवी भुवई डावीपेक्षा अर्ध्या बोटाने वर असायची. बापाकडे काही मागायचं असलं की आणखी वर.

पेर्लाच्या तोंडून हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला, पण ते बोटांतून निसटतच राहिलं. "आई गं," ती म्हणाली, "भुवई!"

बाकी कुणी हसलं नाही. रुपेर्तो कागदाकडे बघत होता. हे नाक, हे पोट, ही रेघ त्याने पाच वर्षं आठवड्यातून दोनदा पाहिली होती.

"पाच वर्षं?" त्याने विचारलं.

"हो."

"सगळी?"

"सगळी."

तो बसला. थोडं पाणी प्यायला. आणि राजकारणात त्याचं इतकं चांगलं का चाललंय ते तिथे बसलेल्या सगळ्यांना पुन्हा एकदा दिसलं, कारण ग्लास खाली ठेवला तेव्हा तो दुसराच माणूस होता.

"ठीक आहे," तो गोड आवाजात म्हणाला. "घरातली गोष्ट आहे, घरातच राहील. ब्लास, माझं चुकलं. बस. बस रे, टोपी नंतर शोध. शब्द गेला तो गेला. निमिया, तुझ्यावर मी रागावलेलो नाही. एकटी असतेस, मन रमवायला काहीतरी लागतं, मला कळतं. आता बास कर. माऊरो मेला असं समजू, दारूने मेला. कुणाला काही कळायचं नाही. ऑगस्टमध्ये मी खुर्चीत बसलो, की पहिली सही ब्लासच्या कागदावर. कायमचा मुख्याध्यापक. मग? सगळ्यांचं भलं झालं की नाही?"

"आणि नाही थांबले तर?"

"तर आज ना उद्या कुणाला तरी कळेल, की ती चित्रं या घरातून जातात. मग लोक विचारतील, त्या घरचा निळा जावई शाळेत काय करतोय. मी काय उत्तर देऊ?" त्याने हात पसरले. "मला सांग, काय देऊ?"

निमियाने झुनिल्दाकडे पाहिलं. मघाशी वाघिणीसारखी उठलेली झुनिल्दा आता सोपाच्या ताटातले चुरे बोटाने गोळा करत होती.

"चित्रंच आहेत ना शेवटी," झुनिल्दा ताटाकडे बघतच म्हणाली. "निमिया, आमची दोन पोरं शिकतायत."

"मघाशी तुझ्या नवऱ्यासाठीच बोलले मी."

"मग अर्धंच का बोललीस? आता पूर्ण कर." तिने वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि रागही. "आणि एक सांग. तो ब्लासला वाटेल ते बोलत होता तेव्हा तू तिथे पातेलं घेऊन उभी होतीस. किती वेळ उभी होतीस गं?"

निमियाने टेबलावरचं पातेलं उगाच थोडं सरकवलं. पापा बोलतील म्हणून थांबले होते, असं सांगून काय उपयोग?

ब्लास हळू आवाजात म्हणाला, "तो घोडा. दहा मंत्र्यांचा. तोही तुझाच?"

"पहिला तोच."

"आमच्या लोकांचं सरकार होतं ते," ब्लास म्हणाला. "माझे वडील दोन दिवस जेवले नाहीत त्या चित्रापायी. मी मात्र कापून वहीत ठेवलं. अजून आहे. त्या घोड्याला—"

"ब्लास," झुनिल्दा म्हणाली.

तो थांबला. पण निमियाला वाटलं, त्याने वाक्य पुरं केलं असतं तर किती बरं झालं असतं. पाच वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माऊरोच्या चित्राबद्दल तिच्याशी, तिचं म्हणून, बोलत होतं.

"जेवा," काराई एलादियो म्हणाले. सगळे वळले. म्हाताऱ्याने बरगड्यांची परात टेबलावर ठेवली होती. एका बाजूने पार करपल्या होत्या. "जेवण झाल्याशिवाय कुणी कुठे जायचं नाही."

जेवले सगळे. मीठ इकडे द्या, पाणी तिकडे द्या, एवढंच बोलणं. दक्षिणेचा वारा सुटला होता, टेबलावरचे कागद उडायला लागले, तेव्हा पेर्लाने तो तपकिरी कागद ताटाखाली दाबला. मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. निमियाने ते पाहिलं. जाताना रुपेर्तो फाटकाशी म्हणाला, "उद्यापर्यंत पापांना सांग काय ठरलं ते." झुनिल्दाने मुका घेतला नाही. सोपाचं रिकामं ताट मात्र आठवणीने मागून घेतलं.

.

सकाळी पाचला उठून पाणी तापवायचं, शिंगाच्या पेल्यात माते भरायचा, पहिला पेला आपण पिऊन कडूपणा घालवायचा आणि दुसरा म्हाताऱ्याच्या हातात द्यायचा. मग तो परत देणार, ती पुन्हा भरणार. उजाडेपर्यंत हा पेला दोघांमध्ये जात-येत राहायचा, फारसं न बोलता. आई गेल्यापासून एकही सकाळ चुकली नव्हती.

सोमवारी ती उठली तेव्हा म्हातारा आधीच व्हरांड्यात होता. किटली त्याच्या पायाशी होती. पेला त्याने स्वतः भरला होता. ती शेजारच्या खुर्चीवर बसली. त्याने नळीने शेवटपर्यंत ओढलं, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा प्यायला. पेला तिच्याकडे आला नाही. तिसऱ्यांदाही आला नाही.

या देशात कुणी ओरडून घराबाहेर काढत नाही, पेला द्यायचा थांबवतात. निमिया समजली.

"रुपेर्तोला काय सांगू?" रस्त्याकडे बघत म्हाताऱ्याने विचारलं.

"सांगा, माऊरो मेला. पुढचं चित्र माझ्या नावाने जाईल. निमिया, आडनावासकट. मग ब्लासचं नाव कुणी घ्यायचं कारण नाही."

"नाव घातलंस म्हणून ब्लासला ती जागा मिळेल असं वाटतं तुला?"

"नाही मिळणार?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "ती जागा गव्हर्नरांच्या मेहुण्याला द्यायचं शुक्रवारीच ठरलंय. रुपेर्तोलाही माहीत आहे."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही काल गप्प बसलात?"

"बावीस वर्षं त्या किल्लीपायी गप्प बसत आलोय. काल काय नवीन होतं?"

रस्त्याने एक बैलगाडी गेली. गाडीवानाने टोपी उचलून "काराई!" अशी हाक दिली. म्हाताऱ्याने हात वर केला. पाच वर्षं तोच गाडीवान बैलांच्या शेपट्या बघत जायचा.

"मंगळवारच्या चित्रात आपली खुर्ची पाहिली आणि ओळखलं," तो म्हणाला. "सिंहाचा डावा कान तुटलेला. लहान असताना तूच तोडला होतास, हातोडीने. बाहेरच्या कुणाला माहीत असणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पाच वर्षं मी त्या डब्यात चित्रं साठवली. माणसं सोडून गेली, तुझी आई सोडून गेली, म्हटलं असुन्सिओनमध्ये एक तरी माणूस आहे ज्याला माझ्या मनातलं कळतं. आणि तो शेजारच्या खोलीत होता." त्याने पेल्यात पाणी घातलं, आणि प्यायला नाही. "मला हसवायला काढत होतीस होय?"

"आधी तेवढ्यासाठीच."

"आणि आता?"

"आता येतं म्हणून काढते, पापा. नाही काढलं तर नुसती फुलं उरतात."

म्हाताऱ्याने बराच वेळ मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिला कळलं नाही.

"सकाळी आठला या फाटकाशी तीस-चाळीस माणसं येतील," तो म्हणाला. "कुणाला औषध हवंय, कुणाच्या पोराला रस्त्याच्या खात्यात चिकटायचंय. पाच वर्षांनी आलीत. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मला ती माणसं हवीत, निमिया. चूक असेल, पण हवीत. एका फाटकातून ती आत येणार आणि त्याच फाटकातून तुझं पाकीट बाहेर जाणार, हे मला जमायचं नाही."

"कळलं."

"साडेआठची बस थेट जाते. संपादकबाई काहीतरी बघतील ना तुझं?"

"बघतील."

"तिकडचं पाणी उकळून पी."

ती उठली. दारापर्यंत गेली तेव्हा त्याने हाक मारली. वळून पाहिलं, तर तो अजून रस्त्याकडेच बघत होता.

"त्या खुर्चीतलं पोट माझं होतं. हात माझे, बसणं माझं. तोंड तेवढं नव्या राष्ट्रपतीचं लावलंस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"त्याचंच वाईट वाटलं," काराई एलादियो म्हणाले. "राष्ट्रपतीला घाबरली नाहीस. बापाला घाबरलीस."

तिने दोन पिशव्या भरल्या. एकीत कपडे, दुसरीत शाई, टाक आणि कागद. अर्धवट राहिलेली भरतकामाची कापडं नावं लिहून टेबलावर ठेवली, म्हणजे बायका येऊन आपापलं घेऊन जातील. दुपारसाठी मांदिओका सोलून पाण्यात घातला. आठ वाजता ती निघाली तेव्हा फाटकाशी माणसं जमली होती. त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. एका बाईने विचारलं, "बाजाराला का?" "हो," निमिया म्हणाली. म्हातारा गर्दीच्या मधोमध होता, कुणाच्या तरी हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचत होता. त्याने वर पाहिलं नाही. गळ्यात लाल रुमाल होता, आणि गाठ जरा वाकडी बसली होती, कारण ती रोज निमिया बांधून द्यायची.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. संत्र्यांच्या बागा मागे पडल्या, मग उसाची शेतं. तिने मांडीवर वही घेतली. मंगळवारचं चित्र संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. बस हिसके देत होती, म्हणून रेघ मारायची ती सपाट रस्ता आला की. आधी तिने गर्दी काढली, हात आणि कागद. मग मधोमध तो. या वेळी तोंड त्याचंच काढलं: कपाळावरच्या तीन आठ्या, थकलेले डोळे, कागद लांब धरल्यावर उघडं राहणारं तोंड. वाकडी गाठसुद्धा. हसण्यासारखं होतं. पण काढता काढता ते हसण्यासारखं राहिलं नाही, आणि तरीही तिने काही खोडलं नाही. खाली कोपऱ्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

शेजारी एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. बराच वेळ ती वहीत डोकावत होती.

"कोण गं हे?" तिने विचारलं.

"माझे वडील."

"हुबेहूब असतील. बघितल्यावर कळतंच." म्हातारीने कोंबडीच्या पाठीवर हात फिरवला आणि आवाज खाली आणला. "गेले का?"

"नाही," निमिया म्हणाली. "ते घरीच आहेत. गेले ती मी."